आखूड तारेतला खर्ज : उभ्या पियानोच्या अभ्यासाची प्रस्तावना

नीट जुळवलेला मिरजेचा तानपुरा ज्याने कान देऊन ऐकला आहे, त्याच्यापाशी या अभ्यासाचा पाया आधीच तयार असतो. खर्जाची तार छेडली की काही क्षणांत तिच्यातून गंधार उमटू लागतो. तो कोणी वाजवलेला नसतो. ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो त्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो. तार आपल्या मूळ कंपनाबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही थरथरत असते आणि ते सारे एकजीव होऊन कानाशी येते. बारीक, लांब आणि लवचीक तारेत हे पट जवळजवळ नेमके असतात. पियानोची तार मात्र कडक पोलादाची असते. ती जागेवर परतते ती ताणामुळे, आणि थोडीशी स्वतःच्या ताठपणामुळेही. उपस्वर जितका वरचा, तितका तारेला पडणारा बाक तीव्र आणि ताठपणाचा वाटा मोठा. त्यामुळे दुसरा उपस्वर दुपटीच्या किंचित वर बसतो, आठवा आठपटीच्या बराच वर. याला पुढील प्रकरणांत मी ‘उपस्वरांचा चढ’ म्हटले आहे.

उभ्या पियानोचा सूर लावताना तो एका ठिकाणी हटकून का अडतो, त्याचा खर्ज ग्रँड पियानोसारखा का बोलत नाही, असे विचारत गेले की वाट या चढापाशी येते. चढ कुठून आला असे विचारले की ती कारखान्यातल्या आराखड्यापाशी पोहोचते. ट्यूनर वाद्यासमोर उभा राहतो तेव्हा तार किती लांब, किती जाड, कोणत्या घोडीवर, हे सगळे निर्णय कधीचेच होऊन गेलेले असतात. त्याच्या हाती उरतो तो फक्त ताण. म्हणून उभ्या पियानोचा सूर लावणे हे मला त्याची रचना कानाने वाचण्याचे काम वाटते. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना हीच एक गोष्ट त्याच्या हाती द्यावीशी वाटते.

अडचणीचे मूळ लांबीत आहे. तारेचा स्वर तिच्या लांबीवर, ताणावर आणि वजनावर कसा अवलंबून असतो हे मारँ मेर्सेन याने १६३६च्या आपल्या ग्रंथात मांडले. ताण आणि जाडी तीच ठेवली तर एक सप्तक खाली उतरायला लांबी दुप्पट करावी लागते. आता पियानोच्या ८८ पट्ट्यांचा विचार करा. सर्वांत वरच्या ‘सी’ची तार सुमारे ५ सेंटीमीटरची असते. तिथून दुपटीदुपटीने खाली येत सर्वांत खालच्या ‘ए’पर्यंत गेलो तर साडेसात मीटरहून लांब तार लागेल. असे वाद्य कुणाच्याही दिवाणखान्यात मावणार नाही. २७४ सेंटीमीटर लांबीच्या मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडमध्येही सर्वांत लांब तार साधारण दोन मीटरच असते. यामाहाचा यू-१ हा जगभर दिसणारा उभा पियानो १२१ सेंटीमीटर उंचीचा आहे. त्या उंचीत पिना, लोखंडी फ्रेम आणि तळाची चौकट बसवून जी जागा उरते, तेवढ्यात २७.५ हर्ट्झचा स्वर जन्माला घालायचा असतो.

या टंचाईशी झुंज फार आधीपासून चालू आहे. जमिनीपासून तारा उभ्या चढवलेला आटोपशीर पियानो १८००च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला : फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्सने केला आणि व्हिएन्नात मात्थियास म्युलरने. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने पुढच्या काही दशकांत छोट्या ‘कॉटेज’ पियानोला वापरण्याजोगी यंत्रणा दिली. पण खर्जाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती पॅरिसच्या झाँ-आंरी पापने १८२८च्या सुमारास उचललेली युक्ती. खर्जाच्या तारा सरळ खाली न सोडता त्याने त्या तिरप्या करून मधल्या तारांच्या वरून नेल्या. चौकटीचा कर्ण तिच्या बाजूंपेक्षा लांब असतो हे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्या ज्ञानाने खर्जाला काही अमूल्य सेंटीमीटर मिळवून दिले. शिवाय खर्जाची घोडी कडेपासून दूर, साउंडबोर्डच्या मोकळ्या भागाकडे सरकली. हेन्री स्टाइनवे धाकटे यांनी १८५९मध्ये ग्रँडसाठी आडव्या-तिडव्या तारांचे पेटंट घेतले, म्हणून श्रेय बहुधा त्यांच्याकडे जाते. पण जागेची खरी निकड होती ती छोट्या पियानोत, आणि युक्ती आधी तिथेच सुचली. तारा जाड करता आल्या त्या बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकच्या १८२५च्या एकसंध ओतीव फ्रेममुळे. आजच्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारांचा मिळून १५ ते २० टन ताण असतो. लाकडाच्या सांगाड्याला तो झेपला नसता.

आता चढाचा हिशेब पाहू, कारण साऱ्या विषयाला धार येते ती इथे. साध्या पोलादी तारेची जाडी आणि स्वर तेच ठेवून लांबी कमी केली, तर उपस्वरांचा चढ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्क्यांनी आखूड केली की चढ दीडपट, २० टक्क्यांनी केली की जवळजवळ अडीचपट. कपाट थोडे बुटके केल्याने दिवाणखान्यात फरक जाणवत नाही, तारेला मात्र तो फार मोठा असतो. हा चढ कानाला किती जाणवतो? समजा एका तारेचा चढ-गुणांक, म्हणजे तिचा चढ किती ते सांगणारा आकडा, ०.०००१ आहे. तिचा आठवा उपस्वर जिथे हवा तिथून साडेपाच सेंट वर बसतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. गुणांक ०.०००४ झाला की तोच उपस्वर जवळजवळ २२ सेंट वर जातो. आपल्याकडे प्रमाणश्रुती ८१:८० या गुणोत्तराची मानतात, तेवढाच हा फरक. एकाच तारेच्या पोटात एका श्रुतीचे अंतर पडते आणि ट्यूनरला त्या तारेचा ‘एक’ सूर ठरवायचा असतो.

खर्जाला यातून सोडवते ते तांबे. तार भारी केल्याशिवाय स्वर खाली उतरत नाही, आणि नुसते पोलाद जाड करत गेलो तर तार सळईसारखी ताठ होते. म्हणून पोलादी गाभा शक्य तितका बारीक ठेवून त्यावर तांब्याची तार गच्च गुंडाळतात. सर्वांत खालच्या स्वरांना तर दुहेरी वेढा देतात. वजन वाढते, ताठपणा जवळजवळ गाभ्यापुरताच राहतो. मात्र वेढा दोन्ही टोकांच्या थोडा अलीकडे थांबवावा लागतो, आणि टोकांचा तो उघडा पोलादी भाग पुन्हा थोडा चढ आणतो. तार आखूड असेल तर हा उघडा भाग प्रमाणाने मोठा ठरतो. वेढे ढिले पडले, त्यांत धूळ आणि गंज शिरला, तर तारेचे वरचे उपस्वर मरतात आणि स्वर मुका होतो. आपल्या किनारपट्टीवरच्या कितीतरी जुन्या पियानोंचा खर्ज असा बसलेला आहे. अशा वेळी मूळ तारेची लांबी, गाभा आणि वेढा मोजून नवी तार वळून घेण्याला पर्याय नसतो.

वजन जोडून उपस्वर सुधारता येतात ही कल्पना भारतीय कानांना परकी नाही. तबल्या-मृदंगाच्या कातड्याचे उपस्वर एरवी विस्कळीत असतात. शाईच्या वजनाने ते सुरेल पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी रामन यांनी भवनाथ बॅनर्जी यांच्यासह लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पियानोच्या हातोडीचा तारेवर होणारा आघात आणि त्याविषयीचा वाल्टर काउफमानचा सिद्धांत यांवर निबंध लिहिला. नमदा मढवलेली हातोडी तारेला किती काळ चिकटून राहते यावर कोणते उपस्वर जागे होतील हे ठरते, आणि हा प्रश्न तेव्हा कोलकात्यात हाताळला जात होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने या क्षेत्रात पाहुण्यासारखे संकोचून येण्याचे कारण नाही.

उभ्या पियानोत अडचणीचे खरे ठाणे सर्वांत खाली नसते. ते असते मधे, जिथे वेढ्याच्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात. तिथे घोडी बदलते, तारेची जात बदलते, ताण बदलतो, एका स्वराला दोन तारांऐवजी तीन तारा येतात. मोठ्या घोडीच्या खालच्या टोकाला जागा अपुरी पडते. तिथल्या साध्या तारा हव्या तितक्या लांब करता येत नाहीत. तरीही त्यांना खालचा स्वर द्यायचा, म्हणजे ताण उतरवावा लागतो आणि चढ एकदम वाढतो. शेजारच्याच पट्टीवर वेढ्याची तार वेगळाच चढ घेऊन बसलेली असते. कुशल रचनाकार ही खाच बुजवायला झटतो : घोडीचे वळण बदलतो, वेढ्याच्या काही तारा मोठ्या घोडीवर नेतो, जाडी टप्प्याटप्प्याने बदलतो. ज्या उभ्या पियानोत ही खाच कानाला कळत नाही, तो मी चांगला मानतो. कपाटाची झळाळी आणि पाटीवरचे नाव हे पुढचे विचार.

ट्यूनरला ही खाच कशी भेटते? तो आधी मधल्या एका सप्तकात बारा स्वरांची समान वाटणी करतो आणि तिथून वरखाली जातो. दोन स्वरांचे जवळजवळ जुळणारे उपस्वर एकमेकांवर आदळले की आवाजात लाट उठते, तिला बीट म्हणतात. मधल्या ‘सी’च्या खालचे ‘एफ’ आणि ‘ए’ एकत्र वाजवले की समान वाटणीत सेकंदाला सुमारे ७ बीट यायला हवेत, आणि अशाच अंतराच्या जोड्या घेत वर जावे तसा त्यांचा वेग सावकाश वाढायला हवा. लांब तारांच्या पियानोत ही वाढ सलग ऐकू येते. बुटक्या पियानोत खाचेपाशी ती अडखळते : वेग मधेच उतरतो किंवा एकदम उसळतो. मग निवड करावी लागते. या जोड्या सलग कराव्यात तर सप्तके आणि पंचम खटकतात. सप्तके स्वच्छ ठेवावीत तर जोड्या ओबडधोबड होतात. दोन्ही साधत नाही, आणि यात ट्यूनरचा दोष नसतो. अनुभवी माणूस वाटणीचे सप्तक खाचेच्या वर सरकवतो आणि उरलेली गैरसोय कुठे सर्वांत कमी बोचेल ते पाहतो.

सप्तकसुद्धा एकच एक नसते हे नवख्याला चकित करते. खालच्या स्वराचा दुसरा उपस्वर वरच्याच्या पहिल्याशी जुळवता येतो, चौथा दुसऱ्याशी, सहावा तिसऱ्याशी. चढ नसता तर तिन्ही एकच झाले असते. चढामुळे प्रत्येक निवडीत सप्तकाची रुंदी वेगळी होते, आणि खर्जाकडे जाताना बहुतेक ट्यूनर सहाव्या-तिसऱ्याकडे झुकतात. म्हणून उत्तम लागलेल्या पियानोत वरचे स्वर गणितापेक्षा थोडे चढे आणि खालचे थोडे उतरे असतात. ओ. एल. रेल्सबॅक यांनी १९३८मध्ये हे मोजून आलेखावर मांडले. दोन्ही टोकांना फरक सुमारे ३० सेंटपर्यंत जातो. त्यामागचे कारण तारेच्या ताठपणात आहे हे शक आणि यंग यांच्या १९४३च्या निबंधाने स्पष्ट केले. कानाने लावणारे ट्यूनर मात्र हे कितीतरी आधीपासून करत आले होते, आकड्यांविना.

त्यांच्यापैकी एकाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. क्लोद माँताल हे पॅरिसच्या अंधशाळेत शिकलेले दृष्टिहीन गृहस्थ. पियानो लावण्याची कला त्यांनी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केली आणि १८३६मध्ये तिच्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. दृष्टिहीनांसाठी पियानो-ट्यूनिंग हा सन्मानाचा व्यवसाय म्हणून युरोपात रुजला, त्यात माँताल यांचा वाटा फार मोठा आहे. वाद्याची घडण बोटांनी चाचपून आणि बीट कानाने मोजून शिकवण्याची ती परंपरा पुढच्या प्रयोगशाळांइतकीच या विषयाची जननी आहे.

खर्जाच्या आवाजाचे दुसरे अंग म्हणजे साउंडबोर्ड. तार स्वतः हवा फारशी हलवत नाही. स्प्रूसच्या पातळ फळीला ती हलवते आणि फळी हवेला. आखूड, बुटक्या फळीला २७.५ हर्ट्झचा मूळ स्वर हवेत सोडणे जवळजवळ जमत नाही. उभ्या पियानोचा सर्वांत खालचा ‘ए’ आपण ऐकतो तो बव्हंशी वरच्या उपस्वरांतून. त्यांच्यातले अंतर पाहून मेंदू मूळ स्वर रचून घेतो. उपस्वर नेमक्या पटींत असतील तर हे काम सुखाने होते. चढ फार असेल तर मेंदूला मिळणारा पुरावाच गोंधळाचा असतो, आणि स्वर खरखरीत, पत्र्यासारखा, नेमका कोणता ते न कळणारा ऐकू येतो. सूर लावण्याची अडचण आणि खर्जाचा पोत एकाच कारणाने बिघडतात ते असे.

त्यात घोडीचा पेच असतो. तार लांब हवी तर घोडी चौकटीच्या कडेला सरकते, आणि कडेला फळी ताठ असते, हलत नाही. उपाय म्हणून पुष्कळ उभ्या पियानोंत खर्जाची घोडी एका पुढे आलेल्या पट्टीवर बसवून ती पट्टी फळीला आतल्या बाजूस जोडतात. तारेला लांबी मिळते, फळीला लवचीक जागा मिळते. पण मधल्या पट्टीच्या वाकण्यात काही ऊर्जा खर्च होते. हा सौदा परवडतो की नाही यावर रचनाकारांचे एकमत नाही. माझ्या मते उंच पियानोत पट्टी टाळता येत असेल तर टाळावी, बुटक्यात तिच्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे आराखड्याच्याच हाती असते. तार आडवी थरथरते तशी स्वतःच्या लांबीच्या दिशेनेही आकुंचन-प्रसरण पावते. या कंपनाचा स्वर लांबीवर आणि तारेच्या घडणीवर ठरतो. पिन फिरवून तो जवळजवळ बदलत नाही. खर्जात तो आडव्या कंपनाच्या उपस्वरांशी विसंगत पडला तर लावून-लावूनही तो स्वर कुरकुरत राहतो. हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी यावर मूलभूत काम केले आणि पियानोच्या रचनेवरची त्यांची १९९६ची निबंधमाला आजही या विषयाचे उत्तम प्रवेशद्वार आहे.

पिनांचीही एक तऱ्हा आहे. ग्रँडच्या बऱ्याच भागात तार पितळी छिद्रातून ओवलेली असते. उभ्या पियानोत ती बहुधा एका दाबपट्टीखालून वळण घेत जाते. तिथे घर्षण असते. पिन फिरवली तरी ताण लगेच पलीकडे पोचत नाही, आणि स्वर लागला असे वाटल्यावर जोरात वाजवले की उतरतो. म्हणून हलक्या हाताने वर नेऊन, ठोकून, किंचित मागे आणून पिन ‘बसवावी’ लागते. हे पुस्तकातून समजते, पण मनगटात यायला वर्षे लागतात.

पावसाळ्याचा प्रश्न मुंबई-गोव्याच्या वाचकाच्या मनात असणारच. दमट हवेत स्प्रूसची फळी फुगते, तिचा बाक वाढतो, घोडी तारांना रेटते आणि स्वर चढतात. कोरड्या हवेत उलटे. पण सगळे सारखे चढत नाहीत. ज्या तारा मुळात कमी ताणावर आहेत, त्यांना तेवढाच रेटा जास्त भोवतो. आणि अशा तारा कुठे असतात ते वर आलेच आहे, खाचेच्या वरच्या बाजूला. जूनमध्ये सुरेल असलेला पियानो ऑगस्टमध्ये नेमका मधेच बेसूर होतो, तेव्हा हवामान फक्त आराखड्यातला कच्चा दुवा दाखवत असते.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बाजार बुटकेपणाच्या मागे लागला. इंग्लंडमध्ये १९३४मध्ये मिनिपियानो आला, अमेरिकेत जेमतेम मीटरभर उंचीचे स्पिनेट खपू लागले. मंदीच्या काळात लहान घरांत त्यांनी संगीत नेले, हे ऋण मान्य करूनही खर्जाची त्यांनी फार हानी केली असे मी म्हणेन. याउलट १३० सेंटीमीटरच्या आसपासचा चांगला उभा पियानो, उदाहरणार्थ यामाहाचा यू-३ किंवा स्टाइनवेचा के-५२, दीड मीटरच्या छोट्या ग्रँडहून लांब खर्जाच्या तारा बाळगू शकतो. ग्रँडच्या आकाराला भुलून छोटा ग्रँड घेणाऱ्याने आधी झाकण उघडून खर्जाची तार मोजावी.

मात्र चढाला निव्वळ दोष समजू नये. हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२मध्ये पियानोचे कृत्रिम स्वर तयार करून पाहिले. नेमक्या पटींचे उपस्वर घेतलेले खर्जाचे स्वर ऐकणाऱ्यांना पियानोसारखे वाटेनात. चढ ठेवला तेव्हाच त्यांत ऊब आली. गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७मध्ये एका स्वराच्या तीन तारांविषयी असेच काही दाखवले : त्या किंचित वेगळ्या असल्या तर स्वर अधिक काळ रेंगाळतो. पियानोला आपण पियानो म्हणून ओळखतो ते या अपूर्णतेमुळेच.

आजची यंत्रे प्रत्येक तारेचा चढ मोजून त्या वाद्यापुरता आलेख काढून देतात, आणि ती वापरण्यात काही कमीपणा नाही. पण खाचेपाशी कोणती तडजोड करायची आणि सर्वांत खालच्या सप्तकात सहाव्या उपस्वरावर थांबायचे की दहाव्यापर्यंत जायचे, हे त्या खोलीत, त्या वाद्यावर, त्यावर वाजवले जाणारे संगीत ध्यानात घेऊन कोणीतरी ठरवावे लागते. आखूड तारेच्या त्या शेवटच्या बारा स्वरांवर जाणकार ट्यूनर अजूनही एकमेकांशी वाद घालतात. पहिले प्रकरण त्या वादापासूनच सुरू केले आहे.